डबा नको, जागा शोधा

आमच्या पेशात 'कॅश' या शब्दाला एकच अर्थ आहे. जंगलात, कड्याच्या कपारीत नाहीतर कुणाच्या गोठ्यातल्या कडब्याखाली लपवून ठेवलेला हत्यारांचा साठा. 'कॅश रिकव्हर झाला' असं वायरलेसवर आलं की त्या रात्री लंगरमध्ये चहा जास्त गोड लागतो. त्यामुळे एका माजी साहेबांनी फोनवर 'अरे, तू जिओकॅशिंग सुरू कर, रिटायरमेंटनंतर कामाला येईल' असं सांगितलं तेव्हा मला वाटलं ते कुठल्यातरी सिक्युरिटी कंपनीच्या नोकरीबद्दल बोलतायत. निघाला तो छंद! जगभरातले लाखो लोक मोबाईलमध्ये अक्षांश-रेखांश टाकून, दुसऱ्या कुणीतरी लपवलेला डबा शोधत रानोमाळ फिरतात, सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तिथेच ठेवून परत येतात. बस्स. बक्षीस नाही, पदक नाही.

सध्या मी दुर्गला आहे, एनसीसीच्या बटालियनवर पीआय स्टाफ म्हणून. शाळा-कॉलेजच्या पोरापोरींना ड्रिल, वेपन ट्रेनिंग आणि मॅप रीडिंग शिकवायचं. ज्यांनी पंधरा-सोळा वर्षं फील्डमध्ये काढली त्यांना ही पोस्टिंग म्हणजे आंघोळीला गरम पाणी मिळाल्यासारखी. रविवार मोकळा असतो. तर गेल्या थंडीत मी हा जिओकॅशिंगचा प्रकार मनावर घेतला. चार-पाच महिने करून पाहिल्यावर माझं एक मत झालंय, ते इथे मांडतो. पटलं नाही तर खाली भांडायला मोकळे आहात.

आधी हा खेळ आला कुठून ते सांगतो, कारण त्याची सुरुवात फौजेशी जोडलेली आहे. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सिव्हिलियन लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम घोळ घालून ठेवत, त्यामुळे साध्या माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. १ मे २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हा घोळ बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री तो बंद झाला. एका रात्रीत जगभरातली यंत्रं दहा-वीस मीटरच्या आत जागा दाखवू लागली. दोनच दिवसांत, ३ मे २००० ला, ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने जंगलाच्या कडेला एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले. म्हणाला, शोधा. बादलीत पुस्तकं होती, गलोल होती, एक घेवड्याच्या दाण्यांचा डबाही होता. माईक टीग नावाच्या माणसाने ती पहिल्यांदा शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस 'जिओकॅशिंग' हे नाव पडलं आणि सप्टेंबरात त्याची वेबसाईट सुरू झाली. आज जगभरात असे तीस लाखांवर डबे आहेत म्हणतात.

जे यंत्र तोफेचा गोळा अचूक पडावा म्हणून बनलं, त्यावर पोरं लपाछपी खेळायला लागली, याची मला गंमत वाटली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी कारगिल झालेलं. त्या वेळी अमेरिकेने आपल्याला जीपीएसची माहिती दिली नाही, ही गोष्ट आम्ही प्रत्येक जवानाने कुठल्या ना कुठल्या बॅरेकमध्ये ऐकलेली आहे. नंतर आपण आपले उपग्रह सोडले. पहिला जुलै २०१३ मध्ये, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, आणि त्या सगळ्या यंत्रणेला 'नाविक' असं नाव मिळालं. आता बऱ्याच फोनमध्ये तो सिग्नल येतो. निदान उपग्रहासाठी तरी कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज उरू नये, हा त्यामागचा हेतू.

असो. मी ॲप घातलं, उघडलं. नकाशावर माझा निळा ठिपका दुर्गमध्ये, आणि आजूबाजूला डब्याची एकही खूण नाही. बोट फिरवून फिरवून नकाशा लहान केला तरी शुकशुकाट. पुण्याचा एखादा पोरगा जर्मनीला शिकायला गेला तर त्याला हॉस्टेलच्या दारापासून बस स्टॉपपर्यंत चार डबे सापडतील. इथे एकासाठी दिवसभराचा प्रवास. तेव्हा पहिला विचार साहजिकच हा आला, की आपणच ठेवावेत. जागा डोक्यात होती, रसमडा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दुर्गहून रेल्वेने राजनांदगाव-नागपूरकडे निघालात की शिवनाथ नदीचा पूल लागतो आणि त्यापुढचं पहिलं स्टेशन रसमडा. मुंबई-हावडा लाईन. आपल्याकडे येणाऱ्या सगळ्या मोठ्या गाड्या इथून धाडधाड निघून जातात, थांबते ती लोकल. एका बाजूला औद्योगिक वसाहत, स्पंज आयर्नचे कारखाने, त्यांचा धूर. दुसऱ्या बाजूला मात्र निव्वळ छत्तीसगड: भाताची खाचरं, बांधावर बाभळी, दर गावाला दोन-तीन तळी. भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर तिवरा उगवलेला असतो. आपल्या विदर्भात लाखोडी म्हणतात तीच. जानेवारीत त्याची बारकी निळी फुलं दिसतात. मी सातारकडचा, दुष्काळी भागातला. मला इतकं पाणी आणि इतकी सपाट जमीन बघून अजूनही चुकल्यासारखं होतं. टेकडी नाही, सुळका नाही, ओळख ठेवायची तरी कशाने? आणि नेमकं म्हणूनच मॅप रीडिंग शिकवायला ही जागा चांगली. डोंगराळ मुलखात आडाणी माणूसही सांगेल की अमक्या कड्याखाली. सपाटीवर नकाशा खरोखर वाचावा लागतो.

माझ्या कॅडेट्सना मी ही कल्पना सांगितली. सगळ्यांचे डोळे चमकले. एक कॅडेट, वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, पटकन म्हणाला, 'सर, घरी जुना स्टीलचा टिफिन आहे. तो पुलियाच्या खाली ठेवू. कुणाला दिसणार नाही.'

मोरीखाली स्टीलचा टिफिन. रस्त्याच्या मोरीखाली!

त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत अगदी हेच दाखवतात. पण माझ्या पोटात गोळा आला. आरओपीची ड्यूटी ज्यांनी केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहाटे कॉनव्हॉय निघायच्या आधी आपण पायी निघतो, आणि प्रत्येक मोरीपाशी एकजण खाली उतरून वाकून बघतो. माती नव्याने उकरलेली आहे का, गवत उलटं दबलं आहे का, काल नसलेली एखादी पिशवी, कॅन, डबा आज आहे का. हेच बघत मी आयुष्यातली कितीतरी वर्षं चाललो. आमचा एक जोडीदार असाच एका सकाळी पुढे होता. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की लपवलेला डबा दिसला की तिकडे हात पुढे जाणं माझ्या शरीराला जमत नाही. पाय आधी मागे येतात.

आणि हे फक्त माझं फौजी दुखणं नाही. हे छत्तीसगड आहे. दुर्ग-भिलाई शांत आहे, इथली पोरं मोकळेपणी फिरतात. पण याच राज्याच्या दक्षिणेला टिफिन बॉम्ब हा शब्द वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं येत राहिला. भिलाईत घरटी कुणीतरी बस्तरमध्ये नोकरी करून आलेलं भेटतं. आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला तरी वेगळं काय? १९९३ पासून आपण प्रत्येक स्टेशनवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही घोषणा ऐकत मोठे झालो. आपल्या देशात लपवलेला डबा हा खेळ नाही, तो पोलीस कंट्रोल रूमचा फोन आहे.

परदेशातही हे घडतं. इंग्लंडमध्ये वेदरबी नावाच्या छोट्या गावात जुलै २०११ मध्ये असाच एक खेळातला डबा. कुणीतरी फुलझाडांच्या कुंडीपाशी घुटमळताना दिसला, लोकांना शंका आली, रस्ता रिकामा केला, लष्कराचं बॉम्ब पथक आलं आणि त्यांनी तो डबा स्फोट करून उडवला. आत खेळणी होती. अमेरिकेत तर या छंदाचा सगळ्यात आवडता डबा म्हणजे फौजेचा जुना ॲम्युनिशन बॉक्स, पाणी आत जात नाही म्हणून! त्यावरची लष्करी अक्षरं रंगवून झाका, असा सल्ला ते लोक एकमेकांना देतात. तिथे रंगवून भागत असेल. आपल्याकडे सातगावचे लोक जमतील.

बरं, बॉम्बचं सोडा. दुसरी अडचण गुप्तधनाची. गावाबाहेर चार अनोळखी माणसं मोबाईल बघत झाडाच्या बुंध्याशी काहीतरी शोधतायत, हे दृश्य खेडेगावात कसं वाचलं जाईल? आपल्या महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नादाने काय काय प्रकार झालेत हे मी सांगायला नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करताना असल्या अघोरी प्रकारांचाही विचार करावा लागला. छत्तीसगडात टोनही ठरवून बायकांचा छळ होतो, त्याविरुद्ध इथे २००५ पासून वेगळा कायदा आहे. अशा मुलखात एखाद्या झाडाखाली कुणी गुपचूप डबी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातलं पोर तापाने फणफणलं, तर संशय कुणावर जाईल? डबी ठेवणारा जाईल निघून. भोगेल ती वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. ही शक्यता मी डोळ्यासमोर आणली आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला. आमच्याकडून डबा ठेवला जाणार नाही.

आता इथे दोन तट पडतात आणि माझं भांडण दोन्हींशी आहे.

पहिला तट म्हणतो, बघा, म्हणजे हा गोऱ्यांचा, पोट भरलेल्यांचा खेळ, आपल्या देशात चालणार नाही, सोडून द्या. आमच्याच एका उस्तादाने हे ऐकवलं. त्यांचं म्हणणं, नकाशा शिकवायचा तर सँड मॉडेल आहे, ब्लॅकबोर्ड आहे, 'बी' आणि 'सी' सर्टिफिकेटच्या परीक्षेला तेवढं पुरतं. परीक्षेला पुरतं हे खरं. पण गेल्या वर्षी लेखी पेपरात मॅप रीडिंगला पैकीच्या पैकी घेतलेल्या एका मुलीला मी कंपनीच्या ग्राउंडवर उभं केलं आणि विचारलं, 'उत्तर किधर है?' तिने खिशाकडे हात नेला. फोन काढायला. दुपारचे चार वाजले होते, सूर्य समोर होता, आणि पोरीला पश्चिम ठाऊक नव्हती. तिचा दोष नाही, तिला कुणी कधी बाहेर उभंच केलं नव्हतं. फोन 'डावीकडे वळा' सांगतो, आपण वळतो. कुठून कुठे आलो ते कळतच नाही. यातली निम्मी पोरं उद्या अग्निवीरच्या भरतीत उतरणार आहेत. धुक्यात, बॅटरी संपलेली, जॅमर चालू, तेव्हा सँड मॉडेल कामाला येणार नाही.

दुसरा तट शहरातला. त्यांचं म्हणणं, जगात चालतं तसंच्या तसं आणायचं, लोकांना सवय होईल. त्यांना माझं एकच उत्तर. लोकांची सवय बदलेपर्यंत जो पहिला पोरगा जमावाच्या हाती सापडेल, त्याच्या घरी तुम्ही जाणार का?

मधला रस्ता त्या खेळातच आहे, फक्त आपल्याकडे कुणी त्याबद्दल बोलत नाही. 'अर्थकॅश' नावाचा एक प्रकार २००४ पासून चालू आहे. त्यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जायचं, तिथला दगड, माती, पाणी नीट बघायचं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तिथे गेल्याशिवाय उत्तर मिळत नाही, एवढीच अट. आम्ही हेच उचललं, फक्त दगडमातीपुरतं ठेवलं नाही. डब्याऐवजी प्रश्न.

सरपंचांना भेटलो, स्टेशन मास्तरांना भेटलो, कशासाठी फिरणार ते सांगितलं, गणवेशातच जायचं ठरवलं म्हणजे कुणाला शंका नको. रुळांच्या आसपास एकही जागा घेतली नाही. रेल्वे ॲक्टच्या १४७ कलमाखाली तो गुन्हा आहे हे एक, आणि त्या लाईनवर दर थोड्या वेळाने गाडी असते हे दुसरं. कारखान्याचं आवारही वर्ज्य. मग पाच जागा निवडल्या, प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश लिहून दिले, आणि प्रत्येकीला एक प्रश्न. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची किती लिहिली आहे? शाळेच्या कोनशिलेवर वर्ष कोणतं? तळ्याच्या पाळीवरच्या पिंपळाला किती जणांची कव लागते? हापशाच्या दांड्यावर कोणता आकडा ठोकला आहे? पाचवा प्रश्न मुद्दाम अवघड, दोन बांध जिथे मिळतात तिथे उभं राहून कारखान्याच्या सर्वांत उंच चिमणीचं बेअरिंग घ्या.

बारा पोरं, चार टोळ्या. पहिल्याच जागेला एक टोळी गायब! अर्ध्या तासाने त्यांचा फोन, 'सर, नकाशा सात-आठ किलोमीटर दूर दाखवतोय, चालत जाऊ का?' झालं असं होतं, की मी दिलं होतं एकवीस अंश आणि दहा पूर्णांक पाच मिनिटं, आणि त्यांनी फोनमध्ये टाकलं २१.१०५ अंश. नवख्या माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच. एका अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नाही. दहा पूर्णांक पाच मिनिटं म्हणजे ०.१७५ अंश. जिथे २१.१७५ हवं तिथे २१.१०५ टाकलं, ०.०७ अंशांचा फरक, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार करा, सात-आठ किलोमीटर होतात. या खेळात जागा बहुधा अंश आणि दशांश मिनिटं अशाच पद्धतीने लिहितात. त्यात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर पावणेदोन-दोन मीटर. एका पाऊलभर चुकीला एक आकडा. हे मी फळ्यावर दहा वेळा शिकवलं असेल. त्या टोळीला ते एकदाच कळलं, आणि आता मरेपर्यंत विसरणार नाहीत.

पाचव्या जागेवर आणखी मजा. चार टोळ्यांची चार बेअरिंग. एकीची कंपास विजेच्या तारांखाली, एकीची लोखंडी फाटकाला टेकून. कंपासजवळ लोखंड आलं की सुई त्याच्याकडे वळते हे पुस्तकात आहे, पण रसमड्यासारख्या लोखंडाच्या गावात ते डोळ्यांनी दिसतं. उलट फोनचा जीपीएस मोकळ्या खाचरात तीन-चार मीटरच्या आत जागा सांगत होता आणि त्याच पिंपळाखाली गेल्यावर ठिपका पिसाळल्यासारखा नाचायला लागला. म्हणजे कुठलंच यंत्र सगळीकडे खरं बोलत नाही. शेवटचे दहा मीटर डोळ्यांचे. हा छंद नव्याने करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: जवळ आलात की फोन खिशात घाला.

पोरं बांधावर उभी राहून चिमणीकडे कंपास रोखून बघत होती तेव्हा एक आजी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चालली होती. थांबली. 'का खोजत हव बेटा? पइसा गँवागे का?' काय शोधताय, पैसे हरवले का? एका कॅडेटने तिला छत्तीसगडीतच सगळं समजावून सांगितलं. आजीने भारा खाली ठेवला आणि म्हणाली, चिमणी मोजून काय करणार, ती नव्हती तेव्हा इथे काय होतं ते विचारा. आणि मग ती बोलत राहिली, पोरं ऐकत राहिली. वेळापत्रक गेलं खड्ड्यात. डबा लपवून शोधला असता तर आम्ही तिला टाळलं असतं. त्या खेळात बाहेरच्या माणसाला 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधला शब्द, आणि त्याच्या नजरेला न पडता डबा उघडायचा ही हुशारी समजतात. मला ही गोष्ट मुळातच नापसंत. दुसऱ्याच्या गावात जाऊन गावकऱ्यापासून तोंड लपवायचं? फौजेत ते काम करावं लागतं तेव्हा करतो. छंद म्हणून कशाला?

आपल्या लोकांसाठी मला हा छंद हवा आहे त्याचं खरं कारण आता सांगतो. आपल्याकडे मोठ्या माणसाला विनाकारण बाहेर फिरायची मुभा नाही. शेतावर जाणं, देवाला जाणं, बाजाराला जाणं, हे चालतं. नुसतं हिंडणं म्हणजे रिकामटेकडेपणा. पोरींना तर त्याहून कडक. माझ्या बारांतल्या पाच मुलींपैकी तिघी स्वतःच्या तालुक्यात बसच्या रस्त्यावरून खाली कधी उतरल्या नव्हत्या. हातात कागद आहे, त्यावर आकडे आहेत, अमुक ठिकाणी पोचायचं आहे, एवढं कारण घरच्यांना पुरलं. आणि आमचं, फौजींचं? चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनीवर येतो. वीस वर्षं दर दिवशी कुणीतरी सांगितलं कुठे जायचं. मग अचानक कुणीच सांगत नाही. माझ्या बॅचचे तिघे-चौघे बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसलेले आहेत, गुडघे गेलेत, साखर लागलीय. त्यांना मी 'मॉर्निंग वॉक करा' म्हटलं तर हसतात. 'अमक्या ग्रिडवर जा आणि तिथे काय आहे ते कळव' म्हटलं तर बूट घालतील. मी खात्रीने सांगतो.

शोधायला डबे नाहीत ही तर तक्रारच चुकीची. आपल्या देशात दोनशे वर्षांपूर्वीच लपवून ठेवलेत. विल्यम लॅम्ब्टनने १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ साखळी टाकून जमीन मोजायला सुरुवात केली आणि त्यातून सगळ्या देशाच्या सर्व्हेचं जाळं उभं राहिलं. अर्धा टन वजनाचं थिओडोलाईट माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवलं. हा माणूस १८२३ मध्ये वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. तिथेच त्याची कबर आहे. दुर्गहून घरी येताना माझी गाडी वर्ध्यावरून जाते, आणि दर वेळी मी ठरवतो की उतरायचं. नागपूरचा झिरो माईलचा खांब तुम्ही पाहिला असेल. तिथे १९०७ मधला सर्व्हेचा बेंचमार्क आहे. देशाचा मध्यबिंदू म्हणून लोक फोटो काढतात, पण तो दगड खरा कामाचा आहे उंचीसाठी. असे 'जीटीएस' किंवा 'बीएम' कोरलेले दगड जुन्या पुलांच्या कठड्यावर, स्टेशनांच्या पायऱ्यांवर, डाकबंगल्यांच्या जोत्यावर ठिकठिकाणी आहेत. रंगाखाली गेलेत, कुणाला दिसत नाहीत. टोपोशीटवर त्यांच्या खुणा असतात. २०२१ पासून नकाशांचे नियमही बरेच सैल झालेत. आमच्या भागाची जुनी शीट ६४ जी या घरातली. ६४ म्हणजे चार अंशांचा मोठा चौकोन, त्यातला एक अंशाचा 'जी'. तुमच्या तालुक्याचं घर कोणतं ते काढा आणि एक दगड तरी शोधा. सापडला तर त्याला शेंदूर फासला जाणार नाही एवढं बघा.

आपल्या भाऊबंदांसाठी दोन गोष्टी ठासून. कॅन्टोन्मेंटमध्ये, युनिटच्या आसपास, फील्डमध्ये हा खेळ नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावा नावाच्या धावण्याच्या ॲपचा नकाशा गाजला तो आठवा. जवान सकाळी पळायला जात, फोन रेघ काढत राही, आणि त्या रेघांनी वाळवंटातले तळ जगाला दाखवून दिले. सुट्टीवर, गावी, तेही लोकेशन शेअर न करता खेळा. दुसरं, उपग्रहावर बोलणारं किंवा मेसेज धाडणारं यंत्र हौसेने बाहेरून मागवू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, परदेशी पाहुणे विमानतळावर अडकलेत. या छंदाला साधा फोन पुरेसा आहे.

माझी मुलगी नववीत आहे, गावी आजी-आजोबांकडे. फोनवर आमचं बोलणं 'जेवलीस का', 'अभ्यास झाला का' यापुढे जात नसे. फेब्रुवारीत मी तिला आकडे पाठवले. आमच्याच शिवारातली विहीर, जिच्यात मी पोहायला शिकलो. प्रश्न, पाण्यापर्यंत पायऱ्या किती? ती गेली, आजोबांना सोबत घेऊन. विहीर कोरडी होती, त्यामुळे सगळ्या पायऱ्या मोजता आल्या. मला स्वतःला कधीच मोजता आल्या नव्हत्या. मग तिने मला आकडे पाठवले. सॅटेलाईटच्या चित्रात रसमड्याच्या पलीकडच्या एका तळ्याच्या बरोबर मधोमध तिला एक बारीक ठिपका दिसला होता. 'पप्पा, तळ्याच्या मधे कसला खांब आहे?'

रविवारी सायकल काढली. खरंच खांब होता, लाकडी, पाण्यातून माणूसभर वर आलेला. पाळीवर कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं. म्हणाल्या, हे तळ्याच्या लग्नाचं लाकूड. तळं खोदलं की त्याचं लग्न लावतात, रीतसर, मंडप घालून, वऱ्हाड जेवू घालून, आणि मग मधोमध हा खांब रोवतात. लग्न झाल्याशिवाय त्या तळ्याचं पाणी देवाला चालत नाही. मी मुलीला फोटो पाठवला आणि हे लिहिलं. तिचा लगेच प्रश्न आला, मग आपल्या विहिरीचं लग्न झालंय का? मी म्हटलं, आजोबांना विचार. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.